मातीत शिकलेला माणूस डांबरावर कमी पडतो का?

"एकदा डर्ट बाइक शिक, मग रस्त्यावर गाडी कशी बी घसरू दे, तू पडत नाहीस." कोल्हापुरात गाड्यांचा नाद असलेल्या कुठल्याही कट्ट्यावर पाच मिनिटं उभं राहिलात तर हे वाक्य कानावर पडतंच. सांगणाऱ्याच्या आवाजात खात्री असते, आणि पुरावा म्हणून तो स्वतःच समोर उभा असतो. आपल्यासारख्या शंकेखोर लोकांना मात्र पुढचा प्रश्न पडतो: हे कुणी तपासलंय का?

तपासलंय, आणि तेही चाळीसेक वर्षांपूर्वी. उत्तर अंशतः 'हो' असं आहे. पण त्या 'हो'च्या आत दोन-तीन 'पण' दडलेत आणि ते समजून न घेता मैदानात उतरलं तर फायद्याऐवजी तोटाही होऊ शकतो. आज तेच उलगडून बघू.

हा विषय फक्त हौसेचा नाही. केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली भारतात रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. आपल्याकडे घरटी एक तरी दुचाकी आहे, आणि ती चालवायला आपण शिकतो कुठं? वडिलांच्या मागे बसून, भावाच्या गाडीवर, सुट्टीत एखाद्या मोकळ्या मैदानात. लायसन्ससाठी आठचा आकडा काढला की शिक्षण संपलं.

हर्ट यांनी काय केलं

अमेरिकेतल्या युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियातले हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या मोटारसायकल अपघातांचा मोठा अभ्यास केला. १९८१ मध्ये त्याचा अहवाल आला. लोक त्याला 'हर्ट रिपोर्ट' म्हणतात. ही मंडळी ९०० च्या आसपास अपघातांच्या जागी स्वतः गेली, घसरल्याच्या खुणा मोजल्या, गाडी तपासली, माणसाशी बोलली. शिवाय पोलिसांकडच्या ३,६०० अपघातांच्या नोंदी वेगळ्या वाचल्या.

आता इथं एक मेख आहे. समजा अपघात झालेल्या शंभर जणांपैकी दहा जणांना डर्ट बाइकचा अनुभव होता. यावरून काय कळलं? काहीच नाही! रस्त्यावर फिरणाऱ्या सगळ्यांपैकी किती जणांना तो अनुभव आहे हे माहीत नसेल, तर 'दहा' हा आकडा कमी की जास्त हे ठरवता येत नाही. म्हणून हर्ट यांच्या गटाने आणखी एक काम केलं. अपघाताच्या जागी, त्याच वाराला, त्याच वेळेला, तशाच हवामानात ते पुन्हा गेले आणि तिथून सुखरूप जाणाऱ्या दोन हजारांहून जास्त मोटारसायकलींची माहिती घेतली. हा तुलनेचा गट. संशोधनात अर्धा जीव याच गटात असतो.

या तुलनेतून जे निष्कर्ष निघाले त्यातले पाच आपल्या कामाचे:

एक, अपघातातले ९२ टक्के चालक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून शिकलेले होते.

दोन, धोका दिसल्यापासून धडकेपर्यंत साधारणपणे दोन सेकंदांपेक्षा कमी वेळ हातात होता.

तीन, त्या वेळात बहुतेकांनी मागचा ब्रेक गच्च दाबून मागचं चाक लॉक केलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही.

चार, हॅन्डलच्या मदतीने झटकन बाजूला होण्याचं कौशल्य जवळपास कुणाकडेच नव्हतं.

आणि पाच, ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला: डर्ट बाइकचा अनुभव असलेले चालक रस्त्यावरच्या त्यांच्या संख्येच्या मानाने अपघातांत लक्षणीयरीत्या कमी होते.

म्हणजे कट्ट्यावरचा दावा अगदीच हवेतला नाही. आता असं का होत असावं, ते आधी भौतिकशास्त्राच्या अंगाने पाहू.

पकडीचा पगार

दुचाकी रस्त्याला टेकते ती दोन जागी, आणि प्रत्येक जागा जेमतेम तुमच्या तळहाताएवढी. ब्रेक, वळण, वेग वाढवणं, सगळं काम या दोन तळहातांनी करायचं. टायर रस्त्याला किती जोराने धरून ठेवू शकतो ते दोन गोष्टींवर ठरतं: त्यावर किती भार आहे आणि पृष्ठभाग कसा आहे. दुसऱ्या गोष्टीला आपण बारावीत घर्षणांक म्हणायचो.

एक हिशोब करू. गाडी ताशी ५० किलोमीटरने चाललीय. कोरड्या, स्वच्छ डांबरावर घर्षणांक ०.८ धरा. दोन्ही ब्रेक नीट वापरले तर गाडी सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. आता त्याच डांबरावर बारीक खडी किंवा चिखलाचा थर असेल आणि घर्षणांक ०.३ वर आला, तर तीच गाडी थांबायला सुमारे ३३ मीटर घेते. यात तुम्हाला धोका कळून हात हलेपर्यंतचा एक सेकंद मिळवला, तर आणखी १४ मीटर. गाडी तीच, ब्रेक तेच, वेग तोच. फक्त खालचा रस्ता बदलला.

आणि आपल्याकडं तो किती सहज बदलतो! गाळप हंगाम सुरू झाला की उसाच्या फडातून दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर बाहेर पडतात आणि चाकांना लागलेली काळी माती शंभर-दोनशे मीटर डांबरावर सांडत जातात. वर पहाटेचं दव पडलं की त्याचा लगदा होतो. पन्हाळ्याकडे, राधानगरीकडे जाताना वळणाच्या आतल्या बाजूला जांभ्याचा लाल चुरा साठलेला असतो. गगनबावड्याच्या पावसात करूळ आणि भुईबावडा घाटांत काय होतं ते सांगायला नको. म्हणजे 'मी डांबरावरच गाडी चालवतो, मला मातीचं काय' असं कोल्हापूरच्या माणसाला म्हणताच येत नाही.

पकडीची दुसरी गंमत म्हणजे ती पगारासारखी असते. रक्कम ठरलेली, आणि तीच ब्रेक व वळण या दोघांत वाटायची. फक्त वाटणी साध्या बेरजेने होत नाही, पायथागोरसच्या नियमाने होते. ८० टक्के पकड ब्रेकला खर्च केली तर वळायला ६० टक्के उरते. ब्रेकला १०० टक्के दिली, तर वळायला शून्य. भर वळणात घाबरून ब्रेक दाबला की गाडी खाली का बसते, ते याच्यात आहे. त्या क्षणी पगारापेक्षा खर्च जास्त झालेला असतो.

घसरणं हा एक ऐकू येणारा आवाज आहे

मातीचा पहिला धडा हाच. डांबरावर पकडीची मर्यादा फार लांब असते. रोज ऑफिसला जाणारा माणूस वर्षभरात एकदाही तिच्या जवळ जात नाही. मग एका दिवशी अचानक, कुठलीही तयारी नसताना, त्या दोन सेकंदांत तिची पहिली ओळख होते. मातीवर मर्यादा जवळ असते. ताशी १५-२० च्या वेगातसुद्धा चाक सुटतं, परत धरतं, पुन्हा सुटतं. एका सकाळीत हे शंभर वेळा घडतं.

यातून नेमकं काय शिकलं जातं? आपल्याला वाटतं की टायर एकतर धरतो नाहीतर घसरतो. प्रत्यक्षात मध्ये एक पट्टा असतो. ब्रेक लागताना चाक रस्त्यापेक्षा थोडं हळू फिरत असतं, म्हणजे थोडं घसरतच असतं, आणि डांबरावर सर्वांत जास्त पकड साधारण १० ते २० टक्के घसरणीच्या आसपास मिळते. त्यापलीकडे गेलं की पकड उतरू लागते आणि चाक लॉक होतं. तो पट्टा ओळखणारा माणूस 'आता सुटणार' हे बुडाखालून आणि तळपायांतून ओळखतो. नवख्याला कळतं तेव्हा सुटून झालेलं असतं.

पुढचं आणि मागचं चाक सुटण्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, हेही मातीत लवकर उमगतं. गाडी सरळ असताना मागचं चाक लॉक झालं तर शेपूट थोडं हलतं, पण गाडी बहुधा उभी राहते. पुढचं लॉक झालं तर गोष्ट वेगळी. दुचाकी उभी राहते ती पुढचं चाक सतत बारीक-बारीक वळून तोल सावरत असतं म्हणून. ते लॉक झालं की सावरणाराच गेला, आणि माणूस सेकंदाच्या आत जमिनीवर.

मागचं चाक वळणात घसरलं की नवख्याचा हात काय करतो? झटक्यात ॲक्सिलेटर सोडतो आणि ब्रेक आवळतो. तिरपं घसरणारं चाक मग अचानक पकड घेतं, आणि आडवी झालेली गाडी झटका देऊन विरुद्ध बाजूला उभी राहते. त्या झटक्याने माणूस वरून फेकला जातो. घसरून कडेला बसण्यापेक्षा हे जास्त वाईट. मातीत वारंवार घसरलेल्या माणसाचा हात तेव्हा शांत राहतो. हे धैर्य नाही, सवय आहे. मेंदूच्या दृष्टीने ती घटना 'नवीन' राहिलेली नसते.

हालचाली शिकण्याच्या शास्त्रात याला जवळचा एक विचार आहे. रिचर्ड श्मिट यांनी १९७५ मध्ये मांडलेला 'स्कीमा सिद्धांत' म्हणतो की एकच कृती एकाच परिस्थितीत हजार वेळा केल्याने जेवढं शिकता येतं, त्यापेक्षा बदलत्या परिस्थितीत केल्याने नवीन प्रसंगाला तोंड द्यायची तयारी जास्त होते. माती दर दहा फुटांवर बदलते: कधी मुरूम, कधी ओलं, कधी वाळू. एवढा बदलता शिक्षक डांबरावर मिळत नाही.

उभं राहून चालवतात ते का

डर्ट बाइकवाले सीटवर बसत नाहीत, फूटरेस्टवर उभे राहतात. याचं कारण म्हणून बऱ्याचदा सांगतात की 'उभं राहिलं की गुरुत्वमध्य खाली जातो, भार फूटरेस्टवर येतो ना!' हे चूक आहे. उभं राहिल्यावर तुमचं शरीर वर जातं, त्यामुळे गाडी आणि माणूस मिळून गुरुत्वमध्य वरच सरकतो.

खरा फायदा वेगळा आहे. साध्या १०० सीसी गाडीचं वजन ११० किलोच्या आसपास, माणूस ७० किलोचा. म्हणजे एकूण वजनाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग माणूसच आहे. सीटवर घट्ट बसलात की तुम्ही आणि गाडी एकच ओझं होता. खड्डा आला, चाक उडालं, की सगळं ओझं एकत्र उडतं. गुडघे वाकवून उभे राहिलात की ते ७० किलो वेगळे होतात. खाली गाडी डावी-उजवी, वर-खाली नाचते आणि वरचा माणूस जवळपास स्थिर राहतो. तुमचे गुडघे म्हणजे दुसरं सस्पेन्शन. शिवाय हॅन्डलवरचा भार कमी झाल्यामुळे पुढचं चाक स्वतःचं स्वतः सरळ होऊ शकतं. हॅन्डल घट्ट आवळून धरणं ही रस्त्यावरची सर्वांत मोठी वाईट सवय, आणि माती ती पहिल्याच दिवशी मोडते. कारण आवळून धरलं की पडताच.

नजरेचंही तसंच. माणूस जिकडे बघतो तिकडे गाडी जाते. दगडाकडे बघत राहिलात तर दगडावर जाता, दोन दगडांमधल्या वाटेकडे बघितलंत तर वाटेने जाता. ट्रॉलीतून पडलेली उसाची मोळी रस्त्यात असेल तेव्हा हीच सवय कामाला येते.

जे मातीतून डांबरावर येत नाही

आता पहिला 'पण'. एका ठिकाणी शिकलेलं दुसऱ्या ठिकाणी किती चालतं, हा शिक्षणशास्त्रातला जुना प्रश्न आहे. कोल्हापूरकरांना यासाठी लांबचं उदाहरण द्यायची गरज नाही. राजाराम कॉलेजात शिकलेले खाशाबा जाधव लाल मातीत तयार झाले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते पहिल्यांदा मॅटवर उतरले आणि सहावे आले. चार वर्षांनी, १९५२ मध्ये हेलसिंकीला त्यांनी कांस्यपदक आणलं. मातीतली ताकद, चपळाई, डाव हे सगळं बरोबर गेलं. पण मॅट वेगळी शिकावीच लागली. गाडीचंही तेच.

सर्वांत धोक्याचा फरक ब्रेकचा. 'पुढचा ब्रेक लावू नको, तोंडावर पडशील' हे आपल्याला घरूनच मिळालेलं ज्ञान. मातीत ते काही अंशी खरं ठरतं, आणि म्हणूनच मातीत शिकलेला माणूस ती सवय घेऊन डांबरावर आला तर अडचण होते. कारण बघा. ब्रेक लागला की भार पुढे सरकतो. किती सरकणार हे ब्रेक किती जोरात लागला त्यावर ठरतं. साध्या गाडीची चाकांमधली लांबी सव्वा मीटर आणि माणसासकट गुरुत्वमध्याची उंची ६० सेंटिमीटर धरली, तर कोरड्या डांबरावर जोरात ब्रेक मारताना जवळपास तीन चतुर्थांश भार पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक हलकं पडतं, त्याच्या ब्रेकला करायला फारसं काही उरत नाही. मातीवर तेवढा जोरात ब्रेक लागूच शकत नाही, त्यामुळे भार पुढे कमी सरकतो आणि मागच्या ब्रेकचा वाटा मोठा राहतो. थोडक्यात, मातीवर मागचा ब्रेक बरोबरीचा भागीदार आहे. डांबरावर तो मदतनीस आहे. हर्ट यांच्या अहवालातली माणसं नेमकी मदतनीसावर विसंबली होती.

दुसरा फरक शरीराचा. मातीवर वळताना गाडी खाली झुकवतात आणि शरीर वर, बाहेरच्या बाजूला ठेवतात. आतला पाय पुढे काढतात. डांबरावर शरीर गाडीबरोबर किंवा किंचित आत झुकवायचं आणि पाय फूटरेस्टवरच ठेवायचा. घाटात पाय काढणं म्हणजे घोट्याला आमंत्रण.

तिसरा, एबीएसचा. सैल मातीत लॉक झालेलं चाक पुढे मातीचा ढीग साठवतं आणि तो ढीगच गाडी अडवतो. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही, त्यामुळे अशा जागी थांबायला जास्त अंतर लागू शकतं. म्हणून काही ॲडव्हेंचर गाड्यांत मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय असते. ते बंद करून मैदानात सराव केला असेल, तर रस्त्यावर येताना आठवणीने सुरू करा.

चौथा, हॅन्डलचा. वेगात गाडी उजवीकडे न्यायची तर उजवं हॅन्डल पुढे ढकलावं लागतं, म्हणजे क्षणभर चाक डावीकडे वळतं. विमानवाल्या राइट बंधूंपैकी विल्बर यांना सायकलच्या बाबतीत हे दिसलं होतं. त्यांनी कित्येक सायकलस्वारांना विचारलं, पण आपण वळताना आधी उलटं हॅन्डल मारतो हे एकालाही माहीत नव्हतं. मातीत हळू वेगात शरीराच्या तोलाने काम भागतं, त्यामुळे हे कौशल्य डांबरावर, थोड्या वेगात, वेगळं शिकावं लागतं.

आणि पाचवा, सगळ्यात मोठा. मैदानात समोरून कुणी येत नाही. हर्ट यांच्या अभ्यासात दुसऱ्या वाहनाशी झालेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा मोटारसायकलचा हक्क डावलून समोरचा आडवा आला होता. गल्लीतून रिक्षा निघेल का, एसटीच्या मागून कुणी पळत येईल का, ही पारख मातीत मिळत नाही.

मातीमुळे, की मातीत जाणाऱ्या माणसामुळे?

दुसरा 'पण' संशोधनाच्या पद्धतीचा आहे, आणि खरं तर मला तो सगळ्यात रंजक वाटतो. डर्ट बाइकवाल्यांचे अपघात कमी होते, हे मान्य. पण मातीने त्यांना चांगलं बनवलं, की मुळात चांगले होते तेच मातीत गेले? कदाचित ते लहानपणापासून गाडी चालवत असतील. कदाचित त्यांचे एकूण तास जास्त असतील. कदाचित वेगाची खुमखुमी ते मैदानात भागवत असतील आणि रस्त्यावर निवांत जात असतील. हर्ट यांच्या आकडेवारीतून संबंध दिसतो, कारण सिद्ध होत नाही.

रेसिंगमधल्या दाखल्यांचंही हेच. १९७८, ७९ आणि ८० असे सलग तीन वेळा ५०० सीसीचे जगज्जेते झालेले केनी रॉबर्ट्स अमेरिकेच्या मातीच्या ट्रॅकवरून आले. २००६ चे मोटोजीपी विजेते निकी हेडन, २००७ आणि २०११ चे केसी स्टोनर, सगळे मातीतले. व्हॅलेंटिनो रॉसी यांनी तर इटलीत तावुल्लियाला आपल्या रँचवर सरावासाठी मातीचा ट्रॅकच केला. दाखले भारी आहेत. पण मातीत शिकून कधीच वर न आलेली हजारो पोरं आपल्याला दिसत नाहीत. जिंकलेल्यांकडेच बघून निष्कर्ष काढला की असं फसायला होतं.

मग सरळ प्रयोग का करत नाहीत? चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे, एकाला मातीचं शिक्षण द्यायचं, दुसऱ्याला नाही, आणि वर्षभराने अपघात मोजायचे. समजा वर्षाला शंभरात एकाचा अपघात होतो, आणि शिक्षणामुळे त्यात २० टक्के घट होते. ही घट योगायोग नाही असं नेहमीच्या संख्याशास्त्रीय निकषांवर ठरवायचं, तर गणित करून बघा: प्रत्येक गटात सुमारे ३५,००० माणसं लागतात! अपघात ही व्यक्तीच्या पातळीवर दुर्मीळ घटना आहे, म्हणून मोजायला अवघड आहे. २०१० मध्ये कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात मोटारसायकल प्रशिक्षणाचे २३ अभ्यास एकत्र तपासले गेले. कोणतं प्रशिक्षण अपघात कमी करतं हे ठामपणे सांगण्याएवढा दर्जेदार पुरावा त्यांना मिळाला नाही. 'पुरावा नाही' म्हणजे 'उपयोग नाही' असं नव्हे, पण छातीठोकपणे सांगायलाही जागा नाही.

आत्मविश्वास नावाचा तिसरा 'पण'

नॉर्वेत १९७० च्या दशकाच्या अखेरीला नव्या कारचालकांना घसरड्या रस्त्यावरचं प्रशिक्षण सक्तीचं झालं. अपघात कमी होतील अशी अपेक्षा होती. नंतरच्या अभ्यासात दिसलं की तरुण पुरुष चालकांचे अपघात उलट वाढले. स्वीडनमध्ये निल्स पेटर ग्रेगरसन यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एका गटाला 'घसरल्यावर गाडी अशी सावरा' असं शिकवलं, दुसऱ्याला 'तुमचं कौशल्य कधीही दगा देऊ शकतं' हे अनुभवातून दाखवलं. प्रत्यक्ष कौशल्यात दोन्ही गटांत फरक नव्हता. पण पहिल्या गटाला आपण जास्त तरबेज झालोय असं वाटत होतं.

हे अभ्यास कारचे आहेत, तरी इशारा आपल्यालाही लागू पडतो. मातीतून आलेला माणूस दोन गोष्टी घेऊन येऊ शकतो: 'मला सावरता येतं' किंवा 'पकड किती पटकन जाते ते मी बघितलंय'. दुसरी गोष्ट घेऊन आलेला माणूस करूळ घाटात वळणाआधीच वेग कमी करतो. पहिली घेऊन आलेला वळणात जाऊन सावरायला बघतो. माती तीच, धडा वेगळा.

मग आपण काय करायचं?

"आमच्याकडं स्प्लेंडर आहे, डर्ट बाइक कुठनं आणू?" रास्त प्रश्न. स्पर्धेच्या डर्ट बाइकला हेडलाइट नसतो, नंबरप्लेट नसते, ती रस्त्यावर आणताच येत नाही. डाकार रॅली पूर्ण करणारे पहिले भारतीय सी. एस. संतोष यांचं बिग रॉक डर्ट पार्क कर्नाटकात कोलारजवळ आहे. जानेवारी २०२४ मध्ये इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी पुण्यात झाली, तेव्हापासून आपल्याकडेही उत्सुकता वाढलीय. जमत असेल तर जाणकार प्रशिक्षकाकडे दोन दिवस जरूर घालवा. पण जे खरं शिकायचं ते आपल्या गाडीवर, परवानगी असलेल्या रिकाम्या मैदानातही बरंचसं शिकता येतं. हेल्मेट, घोटा झाकणारे बूट, हातमोजे आणि गुडघ्याचे पॅड घालून, आणि सोबत एक माणूस ठेवून.

पहिलं, हाफ क्लचवर आणि मागच्या ब्रेकच्या हलक्या दाबावर चालण्याच्या वेगात आठचे आकडे काढा. पाय न टेकता.

दुसरं, सपाट मातीवर ताशी १०-१५ च्या वेगात फूटरेस्टवर उभे राहा. गुडघे वाकलेले, हातांची पकड सैल.

तिसरं, सरळ रेषेत, ताशी १५-२० च्या आत, मागचा ब्रेक दाबून चाक हळूच लॉक करा आणि गाडी काय सांगते ते ऐका. १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांत सीबीएस असतं, म्हणजे मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. तशा गाडीवर हा प्रकार करू नका.

चौथं, आणि हे मातीवर नाही तर कोरड्या, स्वच्छ, बंद डांबरी जागेवर: ताशी ३० वरून दोन्ही ब्रेक लावून थांबा. पुढचा ब्रेक झटका न देता, लिंबू पिळल्यासारखा वाढवत न्या. दर वेळी किती पावलांत थांबलात ते मोजा. आकडा कमी होत जाईल तसा घरून मिळालेला 'तोंडावर पडशील'चा धाक कमी होईल.

हे सगळं झाल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा: आता मला जास्त वेगात जावंसं वाटतंय, की जास्त अंतर ठेवावंसं वाटतंय? उत्तर अंतर असेल, तर मातीने आपलं काम केलं. वेग असेल, तर आणखी चार दिवस मैदानातच थांबा. तिथं पडलात तर खाली निदान माती असते.